यात्रेकरूंसाठी बांधलेल्या वास्तू

जुन्या गोव्यातील बॉम जिझस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ठेवले आहे, तो टस्कनीच्या तिसऱ्या कोझिमो या ग्रँड ड्यूकने भेट दिला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो इथे उभारला गेला. एवढे कोणताही मार्गदर्शक धडाधड सांगून मोकळा होतो. पण त्या चौथऱ्याची रचना नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते आणि मग ती मनातून जात नाही. त्याच्या चार अंगांना झेवियर यांच्या आयुष्यातील प्रसंगांचे ब्राँझचे चार पट आहेत. वरची चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी त्याआधी साठेक वर्षे घडवलेली, आणि तिच्यावर बत्तीस प्रसंग कोरलेले. एका जागी उभे राहून यातला जेमतेम चौथा भाग दिसतो. उरलेल्यासाठी फिरावे लागते, आणि मागे माणसे असतील तर फार रेंगाळताही येत नाही. एक प्रसंग डोळ्यांत भरतो न भरतो तोच पाय पुढच्याकडे ओढले जातात. ज्यांनी ही पेटी आणि हा चौथरा घडवला त्यांच्या डोळ्यांपुढे हाताची घडी घालून उभा राहिलेला एकटा रसिक नव्हता. पुढे सरकणारी रांग होती.

पुढील पानांत जुने गोवे, साष्टी आणि बारदेश, वसई, माहीम आणि वांद्रे येथील चर्चची आणि तीर्थस्थानांची ओळख आहे, आणि ती एकत्र निघालेल्या यात्रेकरूंच्या वाटेने करून दिलेली आहे. ही मांडणी नुसत्या सोयीची नाही, त्यामागे एक भूमिका आहे. आणि ती सहज पटण्यासारखी नसल्यामुळे प्रस्तावना जरा लांबली आहे. जुन्या वास्तू शांतपणे, एकट्याने किंवा दोघा-तिघांत पाहाव्यात, गर्दी टाळावी, सणाच्या दिवशी तर तिकडे फिरकूच नये, असा आपल्याकडच्या शिकलेल्या प्रवाशाचा रिवाज आहे. पन्नास जणांची बस येते, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, हातात मेणबत्त्या आणि फुलांच्या माळा, पुढे एखादे फादर आणि मागे दमलेल्या आजीबाई: असा जथा दिसला की हा प्रवासी कपाळाला आठी घालून खांबाआड सरकतो. त्याच्या लेखी तो जथा म्हणजे वास्तू आणि आपण यांच्यामधला अडथळा. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. या वास्तू त्या जथ्यासाठी बांधल्या गेल्या, त्याच्याच येण्याजाण्याने टिकल्या, आणि त्याच्याबरोबर चालल्याशिवाय त्यांचा अर्थ पुरता हाती लागत नाही. इतकेच नव्हे, तर या चर्चच्या इतिहासात जे काळे आहे तेही यात्रेच्या वाटेवरच अधिक स्पष्ट दिसू शकते. हा शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड, म्हणून त्याला शेवटी हात घालतो.

आधी दगड-चुन्याची साक्ष. गोव्यातील कोणत्याही मोठ्या चर्चसमोर मोकळे पटांगण असते आणि त्यात बहुधा एक खुरीस, म्हणजे क्रूस. आपण त्याला आता वाहनतळ समजतो. पण सणाची मिरवणूक निघते, फिरते आणि परतते ती याच पटांगणात, म्हणजे ते चर्चचेच छप्पर नसलेले दालन आहे. दर्शनी भिंत दोन-तीन मजली आणि वरच्या कमानीपर्यंत चढवलेली, कारण ती जवळून नव्हे, नदीकडून चालत येणाऱ्या समूहाला लांबून दिसायला हवी होती. बॉम जिझसच्या दर्शनी भिंतीवर एकावर एक चढत गेलेल्या स्तंभांच्या शैली अभ्यासक मोजतात आणि ते योग्यच आहे. पण ती चढण वाचायची ती पावलागणिक मान वर होत जाते तेव्हा. आत गेल्यावर प्रवचनाचा लाकडी मंच वेदीपाशी नसतो, तो सभागृहाच्या मध्यावर बाजूच्या भिंतीला असतो, म्हणजे मागच्या माणसालाही ऐकू जावे. गोव्यातील अशा काही मंचांना खालून नागकन्यांनी तोलून धरलेले आहे. तो स्थानिक सुतारांचा हात आहे, आणि ज्यांनी तो मान्य केला त्यांना समोर बसणारा श्रोता कोण आहे हे पक्के ठाऊक होते. से कॅथेड्रलच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे तुकडे आहेत. त्यांतून येणारा उजेड दुधाळ, मंद. सोन्याच्या वर्खाची ती प्रचंड वेदी विजेच्या झोतात जरा भडक वाटते हे कबूल करावे लागेल; पण ती केलीच होती मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडासाठी, आणि मेणबत्त्या तर लोक घेऊन येतात.

काळाची रचनाही तशीच. ३ डिसेंबरला झेवियर यांचे फेस्त, म्हणजे सण. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. त्या दिवसांत बेळगाव, खानापूर, कारवार आणि सिंधुदुर्गाकडून लोक अनवाणी किंवा साध्या चपलांवर जुन्या गोव्याकडे चालत येतात. पुढे झेंडा किंवा क्रूस, मुखाने जपमाळ आणि गाणी, ठरलेले मुक्काम, वाटेतल्या गावांनी केलेली चहापाण्याची सोय. हे वर्णन वाचून मराठी वाचकाला निराळे काही सांगायची गरज उरत नाही. दिंडी म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे. शवाचे जाहीर दर्शन आता दर दहा वर्षांनी होते. अलीकडचे २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत चालले. त्यासाठी शव बॉम जिझसमधून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये मिरवणुकीने नेतात. अंतर हाकेचे आहे. तरीही ते चालूनच, सगळ्यांच्या देखत पार करावे लागते, कारण त्या अंतरातच सोहळा आहे. उपासकाळात गोवा वेल्हा येथे फ्रान्सिस्कन परंपरेतील संतांच्या मूर्ती खांद्यांवरून फिरवतात, तीही अशीच एक चालती वास्तू. वर्षभर त्या मूर्ती एका जागी निवांत पाहता येतात, आणि नेमके तेव्हा त्यांत फारसे पाहण्यासारखे काही नसते.

दुसरी साक्ष पडझडीची. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनचा मनोरा म्हणजे ४६ मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा एकटा सुळका. सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या एका भव्य चर्चचा तो उरलेला तुकडा आहे. हे चर्च ना कुठल्या फौजेने पाडले ना यात्रेकरूंच्या गर्दीने. पोर्तुगालमध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, त्याचा फटका १८३५ मध्ये इथे बसला, ऑगस्टिनियन साधू गेले, दारे बंद झाली. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा खाली आला. माणसे येईनाशी झाल्यावर सात वर्षांत छप्पर गेले, हा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. (या अवशेषांनाही पुढे यात्रेकरू मिळालेच. १६२४ मध्ये शिराझ येथे मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवान यांच्या अस्थी या मठाच्या उत्खननात सापडल्या आणि २०२१ मध्ये भारताने त्यांचा एक भाग जॉर्जियाला दिला. कोणत्या दगडाखाली कोणाचे तीर्थ दडलेले असेल ते सांगता येत नाही.) वसईच्या किल्ल्यातली कथा वेगळ्या कारणाने तिथेच पोचते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती घेतली, किल्ल्यातली पोर्तुगीज वस्ती निघून गेली. आणि जेझुइट, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन अशा एकेका संघाची चर्च झाडाझुडपांत उभी राहिली. याउलट किल्ल्याबाहेरच्या गावांतली चर्च पाहा. तिथले लोक कुठे गेले नाहीत, राज्य बदलले तरी रविवार चुकला नाही, आणि ती चर्च आजही नांदती आहेत.

यावर एक रास्त शंका निघते. नांदते चर्च टिकते हे खरे, पण ते जुनेच राहते असे नाही. माहीमच्या सेंट मायकेल चर्चचा इतिहास सोळाव्या शतकापर्यंत मागे जातो, पण दर बुधवारी नोव्हेनाला जिथे रीघ लागते ती आजची इमारत १९७३ ची आहे. वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरी, आपल्या तोंडी रुळलेली मोत माऊली, हिचे सध्याचे चर्च १९०४ चे. भक्तांची संख्या वाढते, जुने अपुरे पडते, पाडून नवे बांधले जाते. वास्तुप्रेमी इथे हळहळतो आणि त्याच्या हळहळीत तथ्य आहे. मला फक्त इतकेच म्हणायचे आहे की माउंट मेरीच्या बाबतीत जुनेपण कशात आहे ते ओळखायला हवे. तिथली मूर्ती १७३९ च्या धामधुमीत माहीमला हलवली गेली आणि १७६१ मध्ये परत आणली गेली. सप्टेंबरातल्या जत्रेत हात, पाय, घर, तान्हे बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू वाहण्याची रीत आहे, आणि ती वाहणाऱ्यांत हिंदू, पारशी, मुसलमान सगळेच असतात. भिंत नवी आणि वाट जुनी, असा हा प्रकार आहे. नुसत्या भिंतीकडे पाहणारा तिथून रित्या हाताने परततो.

आता गर्दीविरुद्धचा थेट आक्षेप. गर्दीने झिजते, घाम आणि धूर यांनी रंग उडतात, भक्तीच्या भरात माणसे तोडफोड करतात. पुरावाही आहे. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरील बेटावर वारले, १५५४ मध्ये त्यांचे शव गोव्यात आले, आणि त्या पहिल्याच दर्शनात एका भाविक बाईने पायाचे बोट चावून तोडल्याची हकीकत सांगितली जाते. पुढे १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून रोमला पाठवला गेला, तो मात्र गर्दीने नव्हे, वरिष्ठांच्या आज्ञेने. एकट्यादुकट्या भक्तापेक्षा संस्थेने मोठा तुकडा नेला, हे नमूद करून ठेवू. १९५२ च्या दर्शनापर्यंत लोक पायांना ओठ लावत. त्यानंतर काच आली. म्हणजे गर्दीला शिस्त लावता येते आणि ती लागलीही. पण बॉम जिझसचे सर्वांत मोठे नुकसान कोणी केले? आज आपण त्या इमारतीचा जो तांबूस, उघडा जांभा पाहून हरखतो तो मुळात उघडा नव्हताच. इतर चर्चप्रमाणे त्यावर चुन्याचा गिलावा होता, आणि तो १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज जीर्णोद्धारकाने काढून टाकला. दगड उघडा दिसला म्हणजे इमारत अधिक प्राचीन वाटते, ही त्या काळची अभिरुची. जांभा सच्छिद्र असतो. गोव्याचा चार महिन्यांचा पाऊस तो पिऊन घेतो आणि मग आतून भुसभुशीत होतो. चुना हे त्याचे कातडे होते. तेव्हा डोळ्यांनी वास्तू पाहणाऱ्यांनी तिला जे केले, ते गुडघे टेकणाऱ्यांच्या शेकडो वर्षांच्या वर्दळीने झाले नव्हते. छायाचित्रांत मात्र ती सुंदर येते.

आजची यात्रा म्हणजे नाव बदललेली सहल, असेही म्हटले जाते: वातानुकूलित बस, हॉटेल, दोन चर्चच्या मध्ये समुद्रकिनारा आणि काजूची दुकाने. खरे आहे, आणि काही सहलींत चर्च हेच दोन दुकानांमधले निमित्त असते. पण यात्रा पूर्वी कधी निर्व्यापारी होती ही समजूत खोटी. पंधराव्या शतकात व्हेनिसचे नावाडी यरुशलेमला जाणाऱ्यांशी रीतसर करार करत. जाणे-येणे, जेवण, तिथले कर आणि वाटाड्या, सगळे एका रकमेत. पोप आठवा बोनिफास याने १३०० साली पहिले पवित्र वर्ष जाहीर केले तेव्हा रोममध्ये इतके लोक लोटले की पुलावर जाणाऱ्यांना एक बाजू आणि येणाऱ्यांना दुसरी ठरवून द्यावी लागली. दान्तेच्या नरकवर्णनात त्या पुलाचा उल्लेख आला आहे. त्या गर्दीला भाकरी विकणारेही होतेच. पंढरपूरच्या चुरमुरे-बत्ताशांच्या दुकानांकडे बोट दाखवून कोणी वारी खोटी ठरवत नाही.

याहून खोल शंका माणसा-माणसांतल्या अंतराची आहे. यात्रेत सगळे समान होतात असे आपण सहज लिहून जातो. मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी जगभरच्या यात्रांवर लिहिताना हाच विचार सिद्धान्त म्हणून मांडला: वाटेवर माणसाची रोजची पायरी गळून पडते आणि एक तात्पुरता भाईचारा जन्माला येतो. गंमत अशी की टर्नरनी ज्या लेखनाचा आधार घेतला त्यात इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वाटेवरचा लेख होता, आणि इरावतीबाईंना त्या वाटेवर दुसरेही दिसले होते. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे लोक जेवायला जातवार वेगळे बसत होते. ती खंत त्यांनी लपवली नाही. कॅथलिक यात्रेला यातून सुटका नाही. गोव्यातील चर्चच्या कोन्फ्रारिया, म्हणजे सणाचा मान आणि खर्च उचलणारी मंडळे, कित्येक गावांत जातीने वाटलेली राहिली. कोणी खांद्यावर लाल वस्त्र घ्यायचे आणि कोणी निळे, मिरवणुकीत पुढे कोण आणि मागे कोण, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. तेव्हा समूह म्हणजे समता, असा दावा मी करत नाही. माझा दावा लहान आहे: ही विषमता चर्चच्या भिंतीवर कुठेही लिहिलेली नाही, कोणत्याही फलकावर ती नाही; ती दिसते ती माणसे ओळीत उभी राहतात तेव्हाच. ज्याला या वास्तूंचे समाजशास्त्र समजून घ्यायचे आहे त्याने रिकाम्या चर्चमध्ये कितीही वेळ बसून उपयोग नाही.

ही चर्च परकी आहेत, ती समजून घेण्याचा खटाटोप मराठी माणसाने का करावा, हा प्रश्न फार जणांच्या मनात असतो, ओठांवर क्वचित येतो. त्याला उत्तर १६१६ पासून तयार आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. पुढे साष्टीत राहून त्यांनी बायबलची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली, आणि ते ख्रिस्तपुराण राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यांनी पुराण हा प्रकार निवडला याचे कारण उघड आहे. पुराण एकट्याने वाचत नाहीत, एक जण सांगतो आणि बाकीचे ऐकतात. मराठी भाषा गोव्याच्या चर्चमध्ये समूहाच्या कानांतून शिरली. वसईकडे तर ती कधी बाहेरची नव्हतीच. सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती घरांत तिच्याच बोली बोलल्या जातात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. गोव्यात बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ कॅथलिक धर्माला बंदी असलेल्या श्रीलंकेत भिकाऱ्याच्या वेषात शिरले, १७११ मध्ये कँडीला वारले आणि २०१५ मध्ये संत झाले. या दोघांना परके म्हणायचे तर आपले कोण, हे ठरवणे कठीण होईल.

तरीही 'परके' या शब्दामागे जी जखम आहे ती अशा नावांनी भरून येत नाही, आणि येऊही नये. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० मध्ये आले आणि मधली काही वर्षे सोडता १८१२ पर्यंत टिकले. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली, साष्टीतील १५६७ मध्ये. या पायावर उभ्या राहिलेल्या चर्चमधून भक्तिभावाने फिरणे म्हणजे त्या इतिहासावर पांढरा चुना फासणे नव्हे काय? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकांना तो तंतोतंत लागू पडतो. त्यात भर घालणारी साक्ष मीच देतो. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य इन्क्विझिशनच्या कोठडीत होता. १६७६ च्या जानेवारीत त्याला इतर कैद्यांबरोबर अनवाणी, रस्त्यांतून मिरवत सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये शिक्षा ऐकायला नेले गेले. ते चर्च से कॅथेड्रलच्या शेजारीच आहे, आणि आज तिथे प्रवासी सोन्याच्या वेदीची छायाचित्रे काढतात. अनवाणी पाय, मेणबत्त्या, घंटानाद, दुतर्फा लोक: देलोंच्या त्या मिरवणुकीत आणि फेस्ताच्या मिरवणुकीत सामान तेच आहे. समूहाने चालणे ही मुळात पवित्र गोष्ट नाही. ते एक साधन आहे आणि छळासाठीही वापरले गेले आहे. देलोंची हकीकत आपल्यापर्यंत नीट पोचवली ती अ. का. प्रियोळकरांनी, ज्यांच्या आडनावातच प्रियोळ आहे, आणि प्रियोळातच मंगेशीचे देऊळ आहे.

इथेच माझ्या उत्तराची सुरुवात होते. मंगेश मुळात प्रियोळचा नव्हे, तो कुठ्ठाळीहून नदी ओलांडून आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, सांकवाळचा नरसिंह वेलिंगला. देव घेऊन रातोरात नदीपार झालेल्या त्या माणसांचे जाणे हीदेखील समूहाने केलेली वाटचाल होती, आणि त्या वाटा आजच्या चर्चयात्रेच्या वाटांना ठिकठिकाणी छेद देतात. यात्रेचे म्हणणे तिच्या मार्गात असते. कोणते थांबे घेतले आणि कोणते गाळले, यात. सांकवाळला थांबणाऱ्या गटाला अर्ध्या मैलात तीन गोष्टी भेटतात: आगीत जळालेल्या चर्चची एकटी उभी राहिलेली दर्शनी भिंत, जोसेफ वाझ यांचे तीर्थस्थान, आणि ज्या गावातून देव गेला तो गाव. कुंकळ्ळीला १५८३ मध्ये पाच जेझुइट मारले गेले. त्यांतले रुदोल्फो आक्वाविवा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतले होते. चर्चने त्यांना हुतात्मे मानले. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या नायकांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्याने ठार केले. गावाने त्यांना हुतात्मे मानले आणि आता त्यांचेही स्मारक आहे. एका स्मारकापुढे नतमस्तक होऊन दुसऱ्याकडे पाठ फिरवणारी यात्रा अर्धी आहे, मग पहिले स्मारक कोणतेही असो. इमारत हे सांगू शकत नाही, कारण विजेता बांधतो आणि हरलेल्याचे काही उरत नाही. इन्क्विझिशनच्या वाड्याची तर आज भिंतसुद्धा उभी नाही. मार्ग मात्र आखता येतो, तो कागदावरचा निर्णय आहे, आणि त्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागत नाही.

आणि लोकांनी तो कधीच आखला आहे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल वाहायला येतात, कारण ती शिरगावच्या लईराईची बहीण, सात बहिणींपैकी एक. इतिहासाच्या पुस्तकात या नात्याला आधार नाही. पण ज्या भूमीवर देवळे पाडली गेली तिथल्या माणसांनी पाडणाऱ्यांच्या देवीला आपल्या देवीची बहीण करून घेतले, हे मला विसरण्याच्या खटपटीपेक्षा फार वेगळे, जास्त खमके काम वाटते. कोणी याला भोळेपणा म्हणेल. तसे म्हणणाऱ्याने निदान एकदा फेस्ताच्या सोमवारी त्या तेलाच्या रांगेत उभे राहून पाहावे.

म्हणून या पुस्तकातील मार्ग नकाशावर सरळ दिसणार नाहीत. बॉम जिझस ते से कॅथेड्रल हे काही पावलांचे अंतर सावकाश चालायचे आहे, सेंट फ्रान्सिसच्या दारात देलों आठवायचा आहे. पणजीच्या चर्चमधली घंटा ऐकताना ती ऑगस्टिनियनांच्या त्या पडक्या मनोऱ्यातून आलेली आहे हे माहीत असायला हवे. वसई शेवटी ठेवली आहे, आणि वसईनंतर दोन थांबे असे आहेत जिथे चर्च नाही. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसईच्या चर्चमधल्या घंटा उतरवल्या गेल्या आणि मराठी सरदारांनी त्या आपापल्या देवळांना वाहिल्या. त्यांतली एक नाशिकला गोदेकाठी नारोशंकराच्या देवळावर आहे. दुसरी वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाशी टांगलेली आहे. ओतीव धातूवर मेरी आणि तिच्या कडेवरचे बाळ अजून ओळखू येते. घाट उतरताना ती डाव्या-उजव्या कोणत्या हाताला लागते हे गावात कोणालाही विचारावे. आणि घंटेला लागून असलेल्या देवळात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत.